कुळथाला जी साखर दिसते

डिचोलीहून बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीने विचारले आहे: "पेशीतल्या निम्म्याहून अधिक प्रथिनांवर शर्करेच्या साखळ्या असतात असे पुस्तकात आहे. त्या नुसती सजावट आहेत की त्यांना काही काम असते? काम असेल तर ते जनुकात कुठे लिहिलेले असते? माझ्या आजीचा मधुमेहाच्या तपासणीतला एचबीए१सी ८.२ आला आहे. ते हिमोग्लोबिनसुद्धा असेच ग्लायकोप्रोटीन का? आजीने गोड सोडले तर तिच्या पेशींवरच्या साखळ्या कमी होतील का?"

मी गोव्यात रक्तपेढी आणि बायोकेमिस्ट्रीची प्रयोगशाळा मिळून तीस वर्षे काम केले. त्यामुळे या साखळ्यांशी माझी ओळख पुस्तकात झाली नाही, कुळथामुळे झाली. तुला तिथूनच सांगते.

मी नवीन असताना आमच्या वरिष्ठ बाईंनी मला एके दिवशी मूठभर कुळीथ खलबत्त्यात भरडायला बसवले. तेच कुळीथ, ज्यांची आपण पिठी करतो. ते पीठ सलाइनमध्ये, एका भागाला दहा भाग या हिशेबाने कालवले आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले. सकाळी वरचे पिवळसर पाणी सेंट्रिफ्यूज करून काढून घेतले आणि बाई सांगतील तितके पातळ केले. मग दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत ए१ गटाच्या धुतलेल्या तांबड्या पेशी, दुसरीत ओ गटाच्या. दोन्हींत कुळथाच्या पाण्याचा थेंब टाकून नळ्या यंत्रात फिरवल्या. बाहेर काढल्या तेव्हा दोन्हींच्या तळाशी सारखीच लाल टिकली होती. उजेडाकडे धरून हळूच हलवल्या, तशी ओ च्या नळीतली टिकली धुरासारखी वर उठली आणि सगळे पाणी एकसारखे लाल झाले. ए१ च्या नळीतली टिकली विरघळलीच नाही. ती एका घट्ट गोळीसारखी तळापासून सुटली आणि स्वच्छ पाण्यात घरंगळत राहिली. मी ती नळी पाच-सहा वेळा हलवून बघितली, तरी गोळी फुटेना.

या दोन पेशींत फरक तो काय? पेशीवरच्या साखळीच्या टोकाला बसलेल्या एका साखरेचा. ओ गटाच्या पेशीवर साखळीच्या टोकाला गॅलॅक्टोज आणि त्याला चिकटलेले फ्यूकोज असते. या जोडीला आम्ही एच म्हणतो. ए गटात त्याच गॅलॅक्टोजवर आणखी एक मणी चढतो, एन-ॲसिटाइल गॅलॅक्टोसामाइन. बी गटात त्या जागी साधे गॅलॅक्टोज चढते. कुळथातले प्रथिन नेमका तो ए चा मणी ओळखते. त्याच्या एका रेणूला पकडायच्या जागा एकाहून अधिक असल्याने ते एका पेशीला एका हाताने आणि शेजारच्या पेशीला दुसऱ्या हाताने धरते, आणि लाखो पेशींची गोळी होते. साखर ओळखणाऱ्या अशा प्रथिनांना लेक्टिन म्हणतात. एरंडाच्या बियांच्या अर्काने रक्तपेशी गोळा होतात हे श्टिलमार्क यांनी १८८८ मध्ये दाखवले होते. कुळथाचा हा गुण जॉर्ज बर्ड यांनी १९५१ मध्ये आपल्याच 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध केला, आणि आज जगभरच्या रक्तपेढ्यांत ए१ ओळखायला कुळथाचाच अर्क वापरतात. कोकणातल्या गरिबाच्या ताटातले कडधान्य इतके बारीक वाचन करते, याचे मला अजून अप्रूप आहे.

पातळ करण्यावर बाईंचा इतका जोर का होता, ते नंतर कळले. ए गटात ए१ आणि ए२ असे दोन पोटगट आहेत. ए१ च्या एका तांबड्या पेशीवर हे मणी साधारण दहा लाख असतात, ए२ वर अडीच लाखांच्या आसपास. दाट अर्क दोघांनाही गोळा करतो. योग्य पातळ केला की फक्त ए१ गोळा होते. हा फरक कामाला येतो. एका संध्याकाळी आलेल्या नमुन्याच्या पेशी एबी दाखवत होत्या, पण त्याच माणसाच्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पाण्यात, ए१ पेशी टाकल्या की गोळा होत होत्या. एबी माणसाच्या सीरममध्ये असे व्हायला नको. नमुने अदलाबदल झाले असतील म्हणून पुन्हा रक्त मागवले, तरी तेच. शेवटी कुळथाचा थेंब टाकला तर पेशी सुट्याच राहिल्या. म्हणजे तो ए२बी होता आणि त्याच्या शरीराने ए१ विरुद्ध प्रतिपिंडे तयार केली होती. त्याला बी गटाच्या पिशव्या जुळवून दिल्या.

आता तुझा जनुकांचा प्रश्न. मला तो तुझ्या सगळ्या प्रश्नांत मोलाचा वाटतो, कारण इथेच शर्करासाखळी प्रथिनापासून वेगळी पडते. प्रथिनातला अमिनो आम्लांचा क्रम डीएनएवर जसाच्या तसा लिहिलेला असतो. साखळीतल्या साखरांचा क्रम कुठेच लिहिलेला नसतो. जनुकात असतात त्या साखरा जोडणाऱ्या एन्झाइमच्या कृती. माणसात अशी सुमारे दोनशे एन्झाइमे आहेत. ए आणि बी मणी चढवणारी एन्झाइमे ३५४ अमिनो आम्लांची आहेत आणि त्यांच्यात फरक फक्त चार जागी आहे. त्या चार बदलांनी एन्झाइम कुठली साखर उचलणार हे ठरते. ओ गटाच्या बहुतेक लोकांत त्याच जनुकातले एकच अक्षर गळालेले असते, त्यामुळे पुढचे सगळे वाचन बिघडते आणि एन्झाइम बनतच नाही. आई-बापांकडून आपण रक्तगट घेतो म्हणतो, पण प्रत्यक्षात घेतो ते साखर चढवणारा कारागीर.

हे समजायला मला आपली गणपतीच्या मूर्ती घडवणारी चित्रशाळा उपयोगी पडते. चवथीच्या आधी तू चित्रशाळेत गेली असशील. साचा एक, पण त्यातून निघालेल्या दोन मूर्ती कधी अगदी सारख्या नसतात. माती साच्यातून निघते, वाळते, तडा गेला का बघतात, मग पांढरा हात, अंगाचा रंग, पीतांबर, दागिने, आणि सगळ्यांत शेवटी डोळे. प्रत्येक काम वेगळ्या हाताचे. एखादी मूर्ती घाईत पुढे गेली तर दागिना राहतो. प्रथिन म्हणजे साच्यातून निघालेली मूर्ती. साखळ्या चढतात त्या एका हातातून दुसऱ्या हातात जाताना. म्हणून एकाच प्रथिनाच्या एकाच जागेवर कुठे पूर्ण फांदी, कुठे अर्धी, असे प्रकार एकाच पेशीत सापडतात. यात चूक काही नाही, ती या कामाची रीतच आहे.

चित्रशाळेतली पहिली खोली म्हणजे अंतर्द्रव्यजालिका, पेशीच्या आतले पापुद्र्यांचे जाळे. इथे सुरुवात गमतीची आहे. साखरा एकेक करून प्रथिनावर चढत नाहीत. डॉलिकॉल नावाच्या एका लांब, तेलकट रेणूवर चौदा साखरांचे झाड आधीच तयार करून ठेवलेले असते: दोन एन-ॲसिटाइल ग्लुकोसामाइन, नऊ मॅनोज, तीन ग्लुकोज. प्रथिन जोडणाऱ्या रायबोसोममधून ते बाहेर येता येताच हे आख्खे झाड त्याच्यातल्या ॲस्परजिन या अमिनो आम्लावर लावले जाते. पण कुठल्याही ॲस्परजिनवर नाही. त्याच्यानंतर प्रोलिन सोडून कुठलेही अमिनो आम्ल आणि त्यानंतर सेरिन किंवा थ्रिओनिन असले तरच. असा क्रम असला म्हणजे झाड लागतेच असेही नाही.

झाड लागले की लगेच त्याची छाटणी सुरू होते, आणि माझ्या मते पेशीतली ही सगळ्यांत देखणी व्यवस्था आहे. तीन ग्लुकोजपैकी दोन काढली जातात. उरलेल्या एका ग्लुकोजला कॅल्नेक्सिन आणि कॅल्रेटिक्युलिन ही प्रथिने धरतात आणि नव्या प्रथिनाला नीट घडी पडायला मदत करतात. मग तेही ग्लुकोज काढले जाते. आता एक तपासनीस एन्झाइम येते. घडी बरोबर असेल तर प्रथिन पुढे जाते. घडी चुकलेली दिसली, तर ते एन्झाइम काढलेले ग्लुकोज परत चिकटवते आणि प्रथिन पुन्हा कॅल्नेक्सिनच्या हाती येते. पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही घडी बसत नसेल तर मॅनोज छाटले जातात, आणि ते छाटलेले झाड म्हणजेच "हे बाहेर नेऊन मोडा" अशी खूण ठरते. सजावट असती तर हे झाड लावायचे थांबवून बघता आले असते. तसे करूनही बघितले आहे. ट्युनिकॅमायसिन या औषधाने झाडाची पहिली पायरीच अडते, आणि मग अनेक प्रथिनांना घडीच पडत नाही, ती तिथेच अडकून पेशी संकटात येते.

पुढची खोली गॉल्गी, पेशीतल्या चपट्या पिशव्यांची चळत. तिथे जुने मॅनोज काढून नव्या फांद्या चढतात: ग्लुकोसामाइन, गॅलॅक्टोज, फ्यूकोज, आणि टोकाला बहुधा सियालिक आम्ल. सेरिन-थ्रिओनिनवरच्या साखळ्या मात्र इथेच एकेक साखरेने सुरू होतात. तोंडातली लाळ, आतड्यावरचा बुळबुळीत थर हे त्यांचे काम. काही प्रथिनांच्या मॅनोजवर इथे फॉस्फेट लागते. तो लायसोसोमचा, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीचा, पत्ता असतो. हा पत्ता लिहिणारे एन्झाइम नसलेली बाळे जन्मतात. त्यांची पचन-एन्झाइमे लायसोसोमला न जाता रक्तात सांडतात आणि पेशी न पचलेल्या मालाने भरून जातात. एन्झाइम चांगले, फक्त पत्ता नाही, आणि तेवढ्याने बाळ वाचत नाही.

एवढ्या थोड्या साखरांत इतका मजकूर कसा मावतो, हे तुझ्या मनात येईल. अमिनो आम्लाचे दोन ॲलॅनिन एकमेकांना जोडायची रीत एकच. दोन ग्लुकोज मात्र अकरा प्रकारांनी जोडता येतात, कारण साखरेला हात जास्त आणि प्रत्येक जोड वर किंवा खाली वळू शकतो. त्यात फांद्याही फुटतात. आपल्या शरीरात नऊ-दहा प्रकारच्याच साखरा या कामाला असूनही लिपी पुरेशी मोठी होते.

सजावट की काम, याचे माझ्यापुरते उत्तर एका रात्री मिळाले. बाळंतपणासाठी आलेली बाई, हिमोग्लोबिन सहा, कार्डावर ओ पॉझिटिव्ह. आम्ही ओ च्या पिशव्या जुळवायला घेतल्या. पहिली जुळली नाही. दुसरी, तिसरी, सहावी जुळली नाही. प्रत्येक नळीत पेशी घट्ट गोळा. तिच्याच पेशी तिच्याच सीरममध्ये टाकल्या तर सुट्या राहत होत्या, म्हणजे दोष तिच्या पेशींत नव्हता. तिच्या सीरमला जगातली प्रत्येक ओ पेशी परकी वाटत होती. मग एच ओळखणारे लेक्टिन काढले. ते युलेक्स नावाच्या युरोपातल्या काटेरी झुडपाच्या बियांचे असते. ओ पेशींवर एच सगळ्यांत जास्त, त्यामुळे त्या या लेक्टिनने जोरात गोळा व्हायला हव्यात. तिच्या पेशी धुरासारख्या विरघळल्या. तिच्याकडे ए नव्हता, बी नव्हता, आणि ज्यावर ते चढतात तो एच सुद्धा नव्हता.

हा बॉम्बे गट. १९५२ मध्ये भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी मुंबईत तो ओळखला आणि इंग्लंडमधल्या सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासह 'लॅन्सेट'मध्ये मांडला. मुंबईत साधारण दहा हजारांत एक असे त्याचे प्रमाण सांगतात. या लोकांत गॅलॅक्टोजवर फ्यूकोज चढवणारे एन्झाइम चालत नाही. त्यांना फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते. त्या रात्री फोन करत करत बेळगावात एक दाता सापडला, आणि पहाटे चोर्ला घाटातून बर्फाच्या पेटीत पिशवी आली. जुळवणी करताना माझे हात थरथरत होते. नळीतली टिकली धुरासारखी उठली आणि आम्ही तिघींनी एकदमच श्वास सोडला. पुढे तिच्या भावंडांना बोलावून तपासले. एक भाऊ तसाच निघाला. त्याचे नाव आम्ही दात्यांच्या यादीत घातले.

पण ती बाई तोवर अगदी निरोगी आयुष्य जगत होती, हेही लक्षात घे. एच नसल्याने तिचे काही अडले नव्हते. रक्त घ्यायची वेळ आली नसती तर तिला कधी कळलेही नसते. म्हणजे ही साखर शोभेचीच म्हणायची का? याचे उत्तर १९९२ मध्ये वर्णन केलेल्या दोन मुलांत आहे. त्यांचाही रक्तगट बॉम्बेच होता. पण त्यांच्यात नुसते एक एन्झाइम बिघडलेले नव्हते, पेशीत फ्यूकोजचा पुरवठाच तुटलेला होता. गॉल्गीत फ्यूकोज आत नेणारा वाहक निकामी असला की असे होते, हे पुढे कळले. त्या मुलांना वारंवार जंतुसंसर्ग होत, जखमेत पू होत नसे, वाढ आणि बुद्धी दोन्ही मागे. कारण पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून वेग कमी करतात, तिच्यावरून घरंगळतात आणि मग बाहेर पडतात, तेव्हा भिंतीवरची सिलेक्टिन नावाची लेक्टिने त्यांच्यावरच्या एका फ्यूकोजवाल्या साखळीला धरतात. ती साखळी नसेल तर पांढऱ्या पेशी रक्तात भरपूर असूनही जखमेपाशी उतरू शकत नाहीत. अशा काही मुलांना तोंडाने फ्यूकोज देऊन गुण आला आहे. एकाच साखरेची उणीव, एका साखळीपुरती असेल तर काही बिघडत नाही, सगळीकडे असेल तर मूल आजारी. म्हणून "ग्लायकन, म्हणजे शर्करासाखळी, काय काम करते" हा प्रश्न नेहमी कुठली साखळी, कुठल्या प्रथिनावर, कुठल्या पेशीवर, असा विचारायचा.

साखळीच्या टोकावरच्या सियालिक आम्लाबद्दल थोडे जास्त सांगते, कारण दवाखान्यात त्याचीच जास्त गाठ पडते. तांबड्या पेशीवर ग्लायकोफोरिन ए नावाचे १३१ अमिनो आम्लांचे प्रथिन असते. त्याच्या वजनात प्रथिनापेक्षा साखर जास्त. त्या साखळ्यांच्या टोकांवरच्या सियालिक आम्लाला ऋण भार असतो, म्हणून तांबड्या पेशी एकमेकींना लोटतात आणि रक्त वाहते राहते. फाल्सिपॅरम मलेरियाचा जंतू याच साखरेला धरून पेशीत शिरायची एक वाट काढतो. इन्फ्लुएंझाचा विषाणू श्वासनलिकेतल्या पेशींवरच्या सियालिक आम्लाला धरूनच आत येतो, आणि नवे विषाणू सुटून जाताना न्यूरॅमिनिडेज नावाच्या कात्रीने तेच आम्ल कापतात. ओसेल्टामिवीरच्या गोळ्या ती कात्री अडवतात.

अशीच कात्री न्यूमोकोकस जंतूकडेही आहे. लहान मुलाला न्यूमोकोकसचा जोराचा न्यूमोनिया झाला की कधी कधी त्याच्या तांबड्या पेशींवरचे सियालिक आम्ल कापले जाते आणि खालची लपलेली साखरेची जोडी उघडी पडते. तिला टी प्रतिजन म्हणतात. बहुतेक मोठ्या माणसांच्या रक्तद्रवात टी विरुद्ध प्रतिपिंडे असतात, त्यामुळे अशा मुलाच्या पेशी कुणाच्याही सीरममध्ये गोळा होऊ लागतात आणि गट ठरवणारा माणूस चक्रावतो. हे पकडायला काय लागते? शेंगदाणा. भुईमुगाचे लेक्टिन नेमकी ती उघडी जोडी ओळखते. मूत्रपिंडे बंद पडायच्या बेताला असलेल्या मुलाला प्लाझ्मा, म्हणजे दुसऱ्याचा रक्तद्रव, द्यावा की नाही, हे ठरवताना त्या एका थेंबाचा उपयोग होतो.

मसूरही याच पंगतीत आहे. यकृताच्या कर्करोगात रक्तात एएफपी नावाचे प्रथिन वाढते, पण ते कावीळ किंवा सिरोसिसमध्येही वाढते. कर्करोगाच्या पेशीतून येणाऱ्या एएफपीच्या साखळीच्या बुंध्याला बरेचदा एक जास्तीचे फ्यूकोज असते, आणि मसुराचे लेक्टिन तेवढेच एएफपी धरते. प्रथिन तेच, फरक साखरेत, आणि निदान त्या साखरेवर. स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी मागवतात ती सीए १९-९ चाचणी तर थेट एका शर्करासाखळीचीच आहे. ज्यांचा लुईस रक्तगट निगेटिव्ह असतो, म्हणजे शेकडा पाच ते दहा लोक, ते ही साखळी बनवूच शकत नाहीत. त्यांचा रिपोर्ट कर्करोग असतानाही शून्याजवळ येतो. अगदी कमी आकडा बघून घरचे निर्धास्त झालेले मी पाहिले आहेत. अशा वेळी डॉक्टरांना लुईस गटाबद्दल विचारायला लाजू नये.

पुढे औषध कंपनीत नोकरीचा विचार असेल तर एरिथ्रोपोएटिन नीट अभ्यास. मूत्रपिंडाच्या रुग्णांना रक्त वाढायला जे इंजेक्शन देतात ते. त्यात १६५ अमिनो आम्ले आणि चार शर्करासाखळ्या, आणि वजनाचा साधारण चाळीस टक्के भाग साखरेचा. साखळ्यांच्या टोकावरचे सियालिक आम्ल गळले तर खालचे गॅलॅक्टोज उघडे पडते, आणि यकृतातल्या पेशींवरचा एक ग्राहक (रिसेप्टर) ते ओळखून ते प्रथिन रक्तातून उचलून नेतो. हा ग्राहक ॲशवेल आणि मोरेल यांनी शोधला. म्हणून हे औषध साध्या जिवाणूत बनवून भागत नाही, हॅमस्टरच्या अंडाशयाच्या पेशींत वाढवतात. त्याच प्रथिनावर मुद्दाम दोन साखळ्या जास्त चढवून डार्बेपोएटिन बनवले, ते शरीरात साधारण तिप्पट वेळ टिकते. कारखान्यात टाकीतले तापमान, आम्लता, पेशींचे खाणे थोडे बदलले तरी साखळ्या बदलतात. म्हणून बायोसिमिलरच्या, म्हणजे अशा औषधांच्या प्रतिकृती बनवणाऱ्यांच्या, प्रयोगशाळेत ग्लायकन मोजणारी माणसे लागतात, आणि हे काम शिकलेली मुले आपल्याकडे कमी आहेत.

आता आजी. एचबीए१सी मध्येही साखर प्रथिनाला चिकटलेली असते, पण ती कुणी चिकटवलेली नसते. हिमोग्लोबिन ग्लायकोप्रोटीन नाही. ते तांबड्या पेशीच्या आतल्या द्रवात बनते, चित्रशाळेच्या खोल्यांतून जातच नाही. रक्तातले ग्लुकोज पेशीत शिरते आणि हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या पहिल्या व्हॅलिनला आपोआप, एन्झाइमशिवाय चिकटते. जितके ग्लुकोज जास्त आणि जितके दिवस जास्त, तितके चिकटणे जास्त. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. ८.२ म्हणजे सरासरी ग्लुकोज १८९ च्या आसपास. याला ग्लायकेशन म्हणतात, आणि वरची सगळी चर्चा ग्लायकोसिलेशनची होती. नावे इतकी जवळची की परीक्षेत दरवर्षी मुले गोंधळतात, आणि प्रश्नपत्रिका काढणारेही कधी कधी. एकाच तांबड्या पेशीचा विचार कर: बाहेर कारागिरांनी मोजूनमापून चढवलेल्या साखळ्या, आत नुसत्या संगतीने चिकटलेले ग्लुकोज.

म्हणून गोड सोडून आजीच्या पेशींवरच्या साखळ्या कमी होणार नाहीत. पेशी आपले फ्यूकोज, मॅनोज, सियालिक आम्ल साध्या ग्लुकोजपासून स्वतः बनवते, आणि ते भाकरीतूनही मिळते, भातातूनही. एचबीए१सी मात्र खाली येईल, आणि तो यायलाच हवा. पण आजीला लोहाची कमतरता आहे का हे बघून घ्या, त्याने आकडा खोटा चढतो. अलीकडे रक्त चढवले असेल किंवा तांबड्या पेशी लवकर फुटत असतील तर उलट होऊ शकते. त्या वेळी नुसत्या या एका आकड्यावर औषध बदलू नये, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर सोबत ठेवून डॉक्टरांना दाखवावी.

तुला हे डोळ्यांनी बघायचे असेल तर तुमच्या सरांना सांगून कॉलेजातच करता येईल. पेशी मात्र रक्तपेढीतून तपासलेल्याच मागवा, एकमेकांची बोटे टोचू नका. कुळीथ वर सांगितल्याप्रमाणे भिजवायचे. फणसाचा हंगाम असेल तर आठळ्याही घ्या, आपण घरात बिकणां म्हणतो त्या. त्यांतल्या लेक्टिनचे नावच फणसावरून जॅकलिन पडले आहे, आणि त्याची घडण १९९६ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विजयन आणि सुरोलिया यांच्या गटाने उलगडली. शेंगदाण्याला जी जोडी फक्त उघडी पडल्यावर दिसते, ती जॅकलिनला सियालिक आम्ल असतानाही पकडता येते. आपल्या रक्तातल्या आयजीए१ या प्रतिपिंडाच्या सांध्यावर, म्हणजे त्याचे भाग जोडणाऱ्या वाकत्या तुकड्यावर, अशा साखळ्या असतात, आयजीए२ च्या आखूड सांध्यावर त्या नसतात. म्हणून जॅकलिन आयजीए१ ला धरते आणि आयजीए२ ला सोडून देते, आणि प्रयोगशाळेत ही दोन वेगळी करायला आठळ्याच उपयोगी पडतात. त्याच सांध्यावरच्या साखळ्यांत गॅलॅक्टोज कमी पडले की आयजीए मूत्रपिंडात जाऊन साचते. तो आजार आपल्याकडे तरुण मुलांत दिसतो.

आठळ्यांचा अर्क टाकलात तर ए, बी, ओ सगळ्याच पेशी गोळा होतील. तिथे गट ओळखायला जाऊ नका. कुळथाचा अर्क दाट राहिला तर ए१ आणि ए२ सारखेच दिसतील, म्हणून निम्मे-निम्मे पातळ करत आठ-दहा नळ्यांची रांग लावा आणि ए२ कुठे सुटते ते शोधा. आणि उरलेले कच्चे पीठ कुणी चाखून बघू नये. उकळून शिजवल्यावर ही प्रथिने मोडतात, म्हणून आपली पिठी निर्धोक आहे, पण नीट न शिजलेल्या राजम्याने माणसे ओकून बेजार होतात ते याच कारणाने. प्रत्येक नळी हलवताना मागे पांढरा कागद धरा. टिकली धुरासारखी उठते की गोळीसारखी सुटते, हे पहिल्या दोन सेकंदांतच दिसते, नंतर जोरात हलवले तर कमकुवत गोळ्या फुटून जातात आणि निकाल हातचा जातो.